दाखल्यातला शब्द

प्रिय टकळे,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं आणि आज शनिवार. चार दिवस ते शिवणाच्या डब्यात पडून आहे. दोरा काढायला डबा उघडला की आधी तेच हाताला लागतं. लेकीच्या दुकानाचं वाचून फार आनंद झाला. दोन मशीन, कापायचं टेबल आणि रस्त्याकडे भिंतभर काच. तू म्हणतेस ते खरंय, उजेडासाठी आपण जन्मभर भांडलो आणि तिला तो आयताच मिळतोय. पत्राच्या शेवटी तू माझ्यावर एक काम सोपवलंयस. खरं तर मी उलट टपाली हो कळवायला हवं होतं. पण त्याआधी तुला काही सांगायचंय, आणि ते नीट सांगता यावं म्हणून आधी नाटकाचं सांगते. हसू नकोस. मालकासमोर चार शब्द बोलताना घामाघूम होणारी तुझी ही मैत्रीण एकसष्टाव्या वर्षी रंगमंचावर उभी राहिली.

आमच्या वाचनालयात निवृत्त मंडळींचा एक नाट्यगट आहे. ग्रंथपालबाई त्याच्या सर्वेसर्वा. यंदा त्यांनी एक जुनं इंग्रजी नाटक स्वतः आपल्या भाषेत उतरवलं. गोष्ट साधी आहे. एका बड्या घरात जेवणं चाललेली असतात, सगळे खुशीत असतात, आणि एक चौकशी अधिकारी येऊन सांगतो की कारखान्यातली एक मुलगी मेली. मग तो एकेकाचा जबाब घेतो. तिला मारलेलं कोणीच नसतं. कोणी कामावरून काढलेलं, कोणी तक्रार केलेली, कोणी नुसती मान फिरवलेली. प्रत्येकाचा हात तेवढ्यापुरताच लागलेला. अधिकारी झालेत आमचे निवृत्त पोस्टमन. माणूस भला, पण जन्मभर दारात उभं राहून घाईत बोलायची सवय, त्यामुळे चौकशीला आलेत की रजिस्टरवर सही घ्यायला, तेच कळत नाही. मला दिली घरच्या मालकिणीची भूमिका. दुसऱ्याच तालमीला ग्रंथपालबाई म्हणाल्या, ‘तुम्हाला काही शिकवावंच लागत नाही हो. हा तोरा कुठे शिकलात?’ मी हसून वेळ मारून नेली. कुठे शिकले ते तुला ठाऊक आहे. मशीनवरून उठून ऑफिसातल्या टेबलावर बसले, तिथे.

एका तालमीत गाडी अडली. मालकीण त्या मुलीबद्दल बोलते ते वाक्य बाईंच्या मनासारखं होत नव्हतं. त्यांनी ‘उद्धट’ लिहिलं होतं, पण त्यांनाच ते खटकत होतं. म्हणाल्या, ‘अशी घरंदाज बाई सरळ नाव ठेवणार नाही. तिला असा शब्द हवा की ऐकणाऱ्याला कौतुक वाटावं आणि ज्याला कळायचं त्याला बरोबर कळावं.’ पोस्टमननी ‘चुणचुणीत’ सुचवला. तो बाईंना पोरकट वाटला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘हजरजबाबी.’ विचार करावाच लागला नाही. बाईंनी टाळी वाजवली, ‘उद्धट’वर पेन्सिलीने काट मारली आणि म्हणाल्या, ‘तुम्हाला सुचतं तरी कुठून?’ मी पाणी प्यायला उठले.

तुझ्या दाखल्यातला तो शब्द तुला आठवला असेलच. पण तो दाखला लिहिला त्याच्या आठ दिवस आधीची, आपल्या कारखान्यातली गोष्ट आठव. कॉलरचा गठ्ठा संपवायचा म्हणून मी मान खाली घालून शिवत होते आणि सुई माझ्या तर्जनीच्या नखातून आरपार गेली. मालक आले, बघितलं, म्हणाले, ‘पट्टी बांधा, एवढा गठ्ठा उरका, मग जा दवाखान्यात.’ मी डाव्या हाताने पुढची कॉलर ओढलीही होती. तू मशीन बंद करून उठलीस. ‘मालक, सुई तुटून आत राहिलीय. तुमच्या बोटात असती तर उरकला असतात का गठ्ठा?’ मशीनची सगळी लाइन थांबली. मग तूच मला दंडाला धरून दवाखान्यात नेलंस आणि वाटभर तुझी टकळी अशी काही चालवलीस की रडता रडता मला हसू फुटलं. परत आलो तोवर तुझ्या मशीनवर दुसरी बसली होती.

माझ्या बोटाने आता शिवता येणार नव्हतं, पेन मात्र मधल्या बोटाच्या आधाराने धरता येत होतं. मालक म्हणाले, ‘तुमचं अक्षर चांगलं आहे, बरं होईपर्यंत टेबलावर बसा.’ आणि टेबलावर माझ्यापुढे आलेला पहिला कागद तुझ्या अनुभवाच्या दाखल्याचा. मालकांनी समजावलं, ‘दाखल्यात वाईट लिहायचं नसतं, उगाच कटकट होते. सगळं चांगलंच लिहायचं. पण वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.’ कारखानदारांची आपापसातली ही रीत मला तेव्हा पहिल्यांदा कळली. ‘शांत’ म्हणजे हात मंद. ‘कुटुंबवत्सल’ म्हणजे सुट्ट्या फार. तुझ्यासाठी मात्र त्यांनी शब्द दिला नाही. ‘तुम्ही मैत्रीण आहात, तुम्हीच शोधा,’ एवढंच म्हणाले. मी शोधला. अर्धा दिवस शोधला. तुला वाचून बरं वाटेल आणि मालकांचंही काम होईल असा. ‘कामात तरबेज, शिवण सफाईदार, स्वभावाने हजरजबाबी.’ मालकांनी वाचून मान डोलावली. बोट बरं झालं तरी मला परत मशीनवर जा म्हणून कोणी सांगितलं नाही.

आजवर तुला वाटत आलंय की मजकूर मालकांचा आणि मी फक्त लिहून काढला. नाही ग. अक्षरही माझं होतं आणि शब्दही माझाच. तू तो दाखला दारातच उभ्याने वाचलास आणि हसलीस. म्हणालीस, ‘बघ, काढलं तरी माझं तोंड आवडायचं त्यांना.’ आणि मला मिठी मारलीस, दुखऱ्या बोटाला लागू नये म्हणून जपून.

मग तू काम मागत सहा कारखाने फिरलीस. दर वेळी संध्याकाळी माझ्याकडे येऊन सांगायचीस: शिवण बघितली, खूश झाले, मग कागद वाचला, जरासे हसले आणि म्हणाले कळवतो. ‘माझं नशीबच फुटकं,’ म्हणायचीस. मी म्हणायचे, ‘दिवस वाईट आहेत, मिळेल.’ तो कागद दाखवू नकोस, एवढं तरी मला सांगता आलं असतं. कारण न सांगता, नुसतं एवढंच. तेही जमलं नाही, कारण तू ताबडतोब ‘का?’ विचारलं असतंस. शेवटी तू इस्पितळाच्या धुलाईघरात लागलीस आणि बावीस वर्षं परक्यांच्या चादरी उकळल्यास. हातांची सालं निघायची तुझ्या. मी मलम आणून द्यायचे. त्या मलमाचं तू अजून चारचौघांत कौतुक करतेस, आणि प्रत्येक वेळी मला जमिनीत गडप व्हावंसं वाटतं.

काल आमचा प्रयोग झाला. वाचनालयाचा वरचा हॉल भरला होता, मागे काही जण उभेही होते. ते वाक्य आलं. मी कप बशीत ठेवला आणि त्या मुलीबद्दल म्हटलं, स्वभावाने हजरजबाबी होती. लोक हसले. अगदी मोकळं, गोष्ट आवडल्यासारखं हसले. तू दारात हसली होतीस तसंच. पोस्टमननी पुढचा प्रश्न विचारला, यात आपली जबाबदारी किती? मालकिणीने म्हणायचं असतं, काहीच नाही. दोनच शब्द. मी गप्प. पोस्टमनना वाटलं मी विसरले. बिचारे कुजबुजले, ‘काहीच नाही म्हणा, काहीच नाही,’ आणि ते पहिल्या दोन रांगांना स्पष्ट ऐकू गेलं. तरी मला ते म्हणवेना. शेवटी ग्रंथपालबाईंनी विंगेतून पुढच्या नटाला ढकलून नाटक पुढे रेटलं. नंतर जो तो येऊन सांगत होता, काय थांबलात हो तुम्ही, अंगावर काटा आला. बाईंनी तर विचारलं, पुढच्या प्रयोगात हे असंच ठेवू या का? मला आयुष्यभर कौतुक हे असंच मिळत आलंय, नको त्या गोष्टीचं.

आता तुझ्या कामाबद्दल. तो दाखला चौकटीत घालून पुढच्या रविवारी दुकानात आरशाच्या वर लावायचा आणि खिळा मीच ठोकायचा, असं तू लिहिलंयस, कारण जन्मात तुझ्याविषयी कोणी चांगलं लेखी दिलं ते तेवढंच. टकळे, तो खिळा माझ्याने ठोकवणार नाही. गिऱ्हाईकं वाचतील आणि हसतील, आणि एखादा जुना कारखानदार कपडे टाकायला आला तर त्याला बरोबर कळेल. तुला एकटीलाच कळत नसताना तो तिथे लागू नये, म्हणून हे पत्र. सोबत दुसरा कागद आहे. त्याच हाताने लिहिलाय, बोट अजून वाकडंच आहे त्यामुळे ओळी तिरक्या गेल्यात. त्यात एवढंच आहे: ‘मी पाहिलेल्या सगळ्यांत हिची शिवण सफाईदार. शेजारणीच्या बोटासाठी हिने मालकाला जाब विचारला आणि नोकरी गमावली. पुढे हिला शिवणाचं काम मिळालं नाही, त्याला जबाबदार खाली सही करणारी.’ तो लाव, फाड, लेकीला वाचून दाखव, तुझ्या मनाला येईल ते कर. रविवारी मी येईन, पण समोरच्या फुटपाथवर थांबेन. हाक मारलीस तर आत येईन. नाही मारलीस तर तुझ्या त्या काचेतून दुकान डोळे भरून बघेन आणि घरी जाईन.

तुझीच,
शेजारच्या मशीनवरची