पांढरं मोरचूद

शुक्रवार, चौदा तारीख, दुपार

चिरंजीव थोरल्या साहेबांस आईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. तू पाठवलेली शाल पोचली. उबदार आहे, माझ्यासारख्या दोन म्हाताऱ्या मावतील एवढी. नातवाचा पुढचा दात पडलाय, तर फटीतून शिट्टी वाजवत घरभर हिंडतो. पत्र धाकटी सून लिहून घेते आहे. अक्षर तिचं, जीभ माझी. रागवायचं तर माझ्यावर रागाव.

धाकटा घरीच असतो. तुमच्या कारखान्यानेच बसवलाय, तुला काय सांगायचं. मुलाम्याच्या टाकीत त्याने मोरचूद जास्त ओतलं म्हणे, तळाशी खडे बसले आणि सगळे नळ खरखरीत निघाले. सोमवारी चौकशी. प्रयोगशाळेचा प्रमुख म्हणून जबाब तुझा. हा खिडकीशी बसून म्हणतो, मीच काटा चुकीचा वाचला असेन. बायकोने विचारलं, असेन म्हणजे काय? तर खिडकीची काच पुसत बसला.

तुझा निरोप मिळाला, की त्याला दुसरीकडे कुठेतरी चिकटवून देतो. मन मोठं हो तुमचं. घर पेटवायचं आणि बादलीभर पाणी आणून वर आभार घ्यायचे.

परवा मी सुनेला विचारलं, शाळेत शिकवतेस ते मोल म्हणजे काय गं? तिला वाटलं, सासूला आता विद्येचे डोहाळे लागले. म्हणाली, डझनासारखंच, फक्त डझन बारांचा, आणि हा मोजता मोजता जन्म सरेल एवढ्या कणांचा. कागदावर कृती मोलात असते, काट्याला ग्रॅमच कळतात, म्हणून कुणीतरी एकाचं दुसऱ्यात करून द्यावं लागतं. निळ्या मोरचुदात पाणी मुरलेलं, त्याचा एक मोल अडीचशे ग्रॅमच्या आसपास. तेच तापवून पाणी उडवलं की पांढरं पडतं आणि एकशेसाठावर येतं. मी म्हटलं, म्हणजे डझनभर पोरं नदीतून निथळत आलेली आणि डझनभर कोरडी. मुंडकी तेवढीच, वजन वेगळं. ती पोट धरून हसली.

हे तुला कळत नाही असं थोडंच आहे? पण पोत्यात निळं आहे की पांढरं, हे बघायला साहेबाला खुर्चीतून उठावं लागतं.

इथे पेन थांबलंय. लिही गं बाई, पुढचं तर तुझ्याच कामाचं आहे.

मंगळवारी धाकटा पोराला घेऊन बाहेर गेलेला, घरात माझ्याशिवाय कुणी नसताना तू आलास. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून रडलास. म्हणालास, “आई, माल पांढरा आला होता आणि मी मोलाचा आकडा निळ्याचाच धरला. त्याने मी लिहून दिलं तेवढंच मोजलं. पण आता बोललो तर मी संपलो. तुला माझी शपथ, कुणाला सांगू नकोस.”

मी कुणाला सांगितलेलं नाही. मी फक्त तुला पत्र लिहवते आहे.

त्या दिवशी मी चहा दिला, डोक्यावरून हात फिरवला. लेकरू रडलं की आई पाघळते, हा हिशोब मात्र तुझा कधी चुकला नाही. तू गेल्यावर कप विसळताना लक्षात आलं, ‘मी संपलो’ म्हणालास, पण धाकट्याचं पुढे काय, हे एकदाही विचारलं नाहीस. सख्ख्या भावाच्या पाठीमागे लपणारा एवढा मोठा माणूस मी तरी पहिल्यांदाच बघितला. आणि तो माझाच निघावा.

सूनबाईचा रंग मोरचुदासारखा झालाय. कुठल्या, ते या खेपेला नीट बघून ओळख. आत्ता म्हणते, हे माझ्या तोंडचं लिहिते: “भाऊजी, सोमवारी आकडा तुम्ही सांगा. नाहीतर मी येऊन फळ्यावर मांडून दाखवते.” फळ्यावर ती कोणाचं ऐकत नाही, हे तिच्या वर्गातली पोरं सांगतील.

बोललास तर साहेबी जाईल कदाचित. जाऊ दे. दोघांनाही वाढीन, एकाच ताटात वाढीन. नाही बोललास तर दार ठोठावू नकोस. मी घरात असेन, पण उघडणार नाही.

तुझी, आणि त्याचीही,
आई