बैलाचं मुंडकं

तीर्थरूप आबांना,
लांबूनच पाया पडतो. मी ठणठणीत हाय. आईचे गुडघे कसे हायत?

तुम्ही वरवंडच्या बाजारात सांगता, पोरगं अमेरिकेत स्टेडियममधी टीमबरोबर असतं. खरं हाय. टीमचं निशाण बैल. त्या बैलाचं मुंडकं घालून मैदानात नाचतो तो मीच.

टीम जिंकली की लोक गळ्यात पडतात. काल पुन्हा हरली. खेळाडू मागच्या दारानं गेले. लोकांनी बर्फाचे पेले माझ्या अंगावर फेकले, एका म्हाताऱ्यानं शेपूट उपटलं. साहेब म्हणाला, हा बैलच पांढऱ्या पायाचा, उद्यापास्नं येऊ नको. कॉलेजातनं तर नाव मागंच कमी झालंय, तेवढं लिहायचं राहिलं.

मला आपला सर्जा आठवला. शर्यतीत हरला तवा तुम्ही समद्यांदेखत त्याला पराणीनं टोचलं आन् शर्यतीच्या घाटावरूनच खाटकाच्या टेंपोत चढवलं. मी रडलो, तर म्हणालात, "हरलेल्याला वैरण कोण घालणार?"

आबा, मी घरी येतोय. गोठ्यात सर्जाची जागा मोकळीच हाय ना? का टेंपो सांगून ठेवलाय?

तुमचाच,
रोहिदास