पप्पांची चकमकीची बंदूक

लॉरेटा,

पप्पांना सकाळी पुन्हा धाप लागली. त्यांना घेऊन हॉस्पिटलात चाललोय. बूट घालता घालता विचारत होते, “बंदूक झाली का रे? ख्रिसमसच्या दुसऱ्याच दिवशी हरणांची शिकार सुरू होतेय.” मी म्हटलं, “झाली, पप्पा.”

झालेली नाही. नळी बसवलीय, पण लाकडी दस्त्याला तेलाचा शेवटचा हात राहिलाय. तेवढं तू कर.

डॉक्टर मागच्या खेपेलाच म्हणाले, आता ते डोंगर चढणार नाहीत. पप्पांना मी सांगितलेलं नाही, तूही बोलू नकोस. बंदूक हॉस्पिटलात नेता येणार नाही, छानसा फोटो काढून आण. चकमक अजून ठिणगी टाकत नाही, पण ते फोटोत दिसत नाही.

हार्लन