दारातली दुनळी

१२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. गुडघे कुरकुरत असताना तिसऱ्या मजल्यावरून रोज भाजीला कशाला उतरतेस? पिशवी दोरीला बांधून खाली सोड. फौजेतला सल्ला आहे, फुकट.

बँकेच्या दारावरची नोकरी ठीक चालली आहे. फक्त परवा एक झालं. एक गृहस्थ घाईने आत आले आणि त्यांनी एकदम कोटात हात घातला. मला कळायच्या आत माझी दुनळी बंदूक त्यांच्या छातीवर होती आणि बोट चापावर. त्यांनी काढला तो चष्मा. शाळामास्तर निघाले. खुर्चीवर बसून पाणी प्यायले आणि जाताना मलाच धीर देऊन गेले. मॅनेजर म्हणाले, तुमची नजर तेज आहे. मी हसलो, पण घरी आल्यावर घास उतरेना.

पलटणीत रायफल सरकारची होती. संध्याकाळी पुसून शस्त्रागारात जमा केली की मी मोकळा. उचल म्हणणारा दुसरा, ठेव म्हणणाराही दुसरा. ही बंदूक माझी, राहते माझ्या कपाटात. आता दोन्ही हुकूम माझेच.

हिला यातलं काही माहीत नाही, तूही सांगू नकोस. माया आहे तेवढी राहू दे, ओरडा थोडा कमी केलास तरी चालेल.

तुझा,
ढब्या


१९ जून

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

ढब्याने सांगू नकोस म्हटलंय, तेच सांगायला हे पत्र. त्याने बँकेत एका निरपराध मास्तरांवर बंदूक रोखली. चाप ओढला गेला असता तर ते गेले असते आणि आपला ढब्याही जिवंतपणी संपला असता. वाचल्यापासून माझं कशातच लक्ष नाही.

नोकरी सोड म्हटलं तर तो ऐकायचा नाही. लहानपणी पोट दुखलं तरी ताटातलं सोडत नसे. सकाळी तो बंदूक भरून दाराशी ठेवतो, असं तू म्हणाली होतीस. ती उघडायला त्यानेच तुला शिकवलंय. तो आंघोळीला गेला की काडतुसं काढून घे. दोष माझ्या माथी.

तब्येतीला जप आणि कळवत राहा.

तुझी,
वन्सं


२६ जून

ती. वन्संना,
कृ. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. काडतुसं डाळीच्या डब्यात ठेवली आहेत. झाकणाला हात लावायची भीती वाटते, म्हणून घरात डाळच शिजलेली नाही.

संध्याकाळी बंदूक उघडतील आणि घर डोक्यावर घेतील, म्हणून जीव मुठीत धरून बसले होते. त्यांनी ती उघडली, पुसली, कपाटात ठेवली. चकार शब्द नाही. दुसऱ्या दिवशी तशीच रिकामी घेऊन गेले. रोज तेच चाललंय. विसरायला लागलेत की काय?

आणि वन्सं, खरंच कुणी आत घुसलं तर? मागे सरणं यांच्या अंगात नाही. रिकामी बंदूक घेऊन पुढे होतील. आपण यांना वाचवलं की मरायला उभं केलं? बँकेच्या वेळात दाराची कडी वाजली तरी माझ्या हातातलं भांडं सुटतं.

लवकर उत्तर द्या. माझा आधार तुम्हीच.

तुमची,
वहिनी


१ जुलै

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

माझं चुकलं. आधी त्याच्याशी बोलायला हवं होतं. पत्र मिळताक्षणी त्याला सगळं सांग. रागावला तर माझं नाव पुढे कर. गुडघे गेले खड्ड्यात, मी रविवारी तिकडे निघते.

तुझी,
वन्सं


४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हिला काल मिळालं आणि ती रडत सगळं सांगून मोकळी झाली. पण जे व्हायचं ते परवाच होऊन गेलं होतं. आधी सांगतो, मी धडधाकट आहे.

दुपारी एकजण सुरा घेऊन आत आला आणि त्याने कॅशियर मुलीचा हात धरला. कर्ज नामंजूर झालं होतं म्हणे. सगळे माझ्याकडे बघत होते. मी दुनळी फरशीवर ठेवली आणि मोकळे हात दाखवत त्याच्यापाशी गेलो. त्याला म्हणालो, मीही घाबरलोय, आपण दोघं बसू या. तो माझ्याहून जास्त थरथरत होता. बऱ्याच वेळाने त्याने सुरा खाली टाकला.

ताई, बंदूक रिकामी आहे हे मला पहिल्याच सकाळी कळलं होतं. इतकी वर्षं शस्त्र हाताळलेला माणूस ती न उघडता घराबाहेर पडेल का? काडतुसं हिनेच काढली असणार, हेही उमगलं. बोललो असतो तर ती पुन्हा भरावी लागली असती, आणि भरायचा धीर मला होत नव्हता. राजीनामा द्यायचाही नव्हता. म्हणून गप्प राहिलो. परवा ती भरलेली असती तर मी गोळी झाडली असती, यात मला शंका नाही.

काल बंदूक पोलिसांकडे कायमची जमा केली. मॅनेजरना सगळं सांगितलं. ते म्हणाले की दुसरा बंदूकवाला मिळेल, तुम्ही दारावर लोकांना मदत करायला राहा. पगार कमी होईल. हिची हरकत नाही.

आज तसाच, बंदुकीशिवाय दारात उभा होतो. काय करावं सुचेना. तेवढ्यात एक आजी आल्या, त्यांनी भाजीची पिशवी आणि छत्री माझ्याकडे दिली आणि जरा धरा म्हणून आत गेल्या. त्या परत येईपर्यंत मी दोन्ही धरून उभा राहिलो. आजवर मला असं कुणी काही धरायला दिलं नव्हतं.

रविवारी ये, स्टेशनवर घ्यायला येतो. भेटीची वाट बघतोय, बाकी काही नको.

तुझा,
ढब्या