तीस वर्षांची अट

३ फेब्रुवारी

अकरा वर्षं! पेन्शनच्या निधीत आणखी अकरा वर्षं पुरेल एवढंच शिल्लक आहे. तीनदा गणित केलं, तिन्ही वेळा तेच उत्तर. सचिव म्हणाले, "जरा पंधरा दिसतील असं काही बघा ना." मी म्हटलं, पंधरा हवी असतील तर गणिताला दुसरं माणूस बघा. त्यावर त्यांनी चष्मा पुसायला घेतला. चांगला पाच मिनिटं पुसला.

यात गूढ काही नाही. निधी सुरू झाला तेव्हा एका म्हाताऱ्यामागे चार कमावते होते, आता दोन आहेत. म्हातारे जास्त जगतात — जगोत, मीही जगणार आहे. पण निवृत्तीचं वय साठावरून त्रेसष्टवर न्यावं लागेल. हे सगळ्यांना कळतं आणि बोलायचं कुणालाच नाही. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? मी बांधणार.

७ फेब्रुवारी

मंत्र्यांनी मान्य केलं. पत्रकारांसमोर माझ्याकडे हात करून म्हणाले, "हे आमच्या तज्ज्ञ बाईंचं गणित." म्हणजे दगड आले तर माझ्या डोक्यात. येऊ देत.

९ फेब्रुवारी

ऑफिसच्या फाटकावर माझं चित्र. नाक लांब, हातात कात्री, खाली लिहिलंय — त्रेसष्टबाई. नाक बरंच जमलंय. लिफ्टवाल्याने आज मान फिरवली. जिन्याने गेले. तब्येतीला चांगलं.

१२ फेब्रुवारी

वहिनीचा फोन. "वन्सं, टीव्हीवर दिसलात. केस छान बसले होते." मग, "ह्यांना साठीला दोन वर्षं राहिली होती. आता पाच म्हणायची ना?" मी म्हटलं, हो. दादाला फोन दे म्हटलं, तर तो आंघोळीला गेला होता. संध्याकाळी सात वाजता!

राग आला. आकड्यांना नातीगोती नसतात. दादा पंधरा वर्षांचा असताना वडील गेले. नववीतून शाळा सोडून तो फरशा बसवायला लागला, तेव्हा मी नऊ वर्षांची. आज तो अठ्ठावन्न, म्हणजे त्रेचाळीस वर्षं झाली. मला काय हे माहीत नाही? पण एका भावासाठी देशाचा हिशेब वाकवायचा का? मग प्रत्येकाला भाऊ आहे.

१५ फेब्रुवारी

आज अहवालातलं माझं आवडतं प्रकरण लिहिलं. निधीला भोक पाडणारे म्हातारे नव्हेत, अर्जवाले! पूर्वी एक पळवाट होती. कामगाराने 'वर्गणी नको' असा अर्ज वर्षाला एकदा भरून दिला, की निधीसाठी कापायचे पैसे त्याला मजुरीबरोबर रोख मिळत. लाखो लोकांनी तसं केलं. आज तेच लोक किमान पेन्शनच्या रांगेत सगळ्यात पुढे. मी सरळ लिहिलं — हे आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे लोक आहेत. सचिवांनी वाक्य खोडलं. मी पुन्हा घातलं.

ते म्हणाले, "अहो, त्या अर्जात कारणाचा रकाना असायचा. काहींची कारणं खरी असतील." मी म्हटलं, मला कारणं नकोत, संख्या द्या. एकही अर्ज उघडून बघितला नाही मी, आणि बघणारही नाही.

१९ फेब्रुवारी

दादा फोनवर येत नाही, म्हणून मीच त्याच्या कामावर गेले. नव्या दवाखान्याचं लांबलचक दालन, अर्धी फरशी बसलेली. दादा गुडघे टेकून, गुडघ्यांखाली जुन्या गादीचे तुकडे दोरीने बांधलेले. मला बघून उठायला लागला — आणि उठताच येईना. एक हात भिंतीला, एक बादलीला. मी हात पुढे केला तो त्याने धरला नाही.

"बस," म्हणाला. बसायला काही नव्हतं. मीही खालीच बसले.

मी त्याला सगळं समजावलं, चार कमावते, दोन कमावते, सरासरी आयुष्य. त्याने नीट ऐकलं. लहानपणी माझे पाढे ऐकायचा तसंच. मग एक फरशी ठोकून बसवत म्हणाला, "तुझी सरासरी काढली ती माणसं बसून काम करणारी होती, की वाकून?"

रागारागाने घरी आले. राग त्याच्यावर नव्हता.

२४ फेब्रुवारी

पाच दिवस तक्ते धंद्यांप्रमाणे वेगळे केले. साठीनंतर ऑफिसातला माणूस सरासरी एकोणीस वर्षं पेन्शन खातो. गवंडी, फरशीवाले, हमाल — सात. त्रेसष्ट केलं तर चार उरतात. मी सगळ्यांना एकाच तागडीत घातलं होतं. चूक माझी. लाज वाटली, पण लाजेने तक्ता सुधारत नाही. नवा तक्ता केला.

२ मार्च

सचिवांशी भांडण. मागणी एकच: कष्टाच्या धंद्यांना साठच ठेवा.

"तुमचे बंधू फरशा बसवतात असं ऐकलं."

"बसवतात."

"लोक काय म्हणतील?"

"त्रेसष्टबाई म्हणतातच. अजून काय म्हणणार?"

मग त्यांनी खरी अडचण काढली. सवलत दिली की उद्या सगळेच हमाल होतील, न्हावीसुद्धा गुडघे दाखवत येतील. यात मात्र तथ्य आहे. खर्च बांधून ठेवायला हवा.

३ मार्च

सुचलं! आंघोळ करताना सुचलं. अट घालायची: निधीच्या दप्तरात वर्गणीची तीस वर्षं नोंद असेल त्यालाच साठाव्या वर्षी पेन्शन. खरा कष्टकरी आत, अर्जवाले बाहेर. एका दगडात दोन पक्षी. खर्चही बरोबर बसतो — पंचवीस धरली तर निधी पुन्हा गोत्यात, तीसला तरतो. सचिव प्रथमच हसले. म्हणाले, "बाई, तुमच्याशी भांडण्यात फायदा आहे."

१७ मार्च

सभागृहात चार तास. विरोधकांनी अहवाल फाडला. कष्टकऱ्यांच्या कलमासाठी मंत्री कच खात होते. मी मागच्या खुर्चीवरून चिठ्ठी पाठवली — कलम गेलं तर माझा राजीनामा, आणि कारण मी फाटकावर उभी राहून सांगेन. कलम राहिलं. कायदा झाला. तीस वर्षांच्या अटीसकट, शब्दन् शब्द माझा!

लिफ्टवाल्याने आज विचारलं, "बाई, कितवा मजला?" गेली बावीस वर्षं त्याला माहीत आहे.

१८ मार्च

दादाला फोन केला. या वेळी घेतला त्याने. म्हटलं, दोन वर्षांनी गादीचे तुकडे फेकून दे. तो म्हणाला, "बरं झालं. खूप जणांचं भलं झालं बघ." मग, "पुरावा काय लागतो गं?"

"काही नाही. आमच्या दप्तरात सगळी नोंद असते."

"सगळी?"

"सगळी. अगदी पहिल्या दिवसापासून."

"बरं," म्हणाला. वहिनीला फोन न देताच ठेवला. आनंद झाला की हा असाच गप्प होतो. मी मात्र बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

२१ मार्च

त्याचा कागद आपल्या हातानेच तयार करून न्यावा म्हणून दप्तरखान्यात गेले. दादाची नोंद सत्तावीस वर्षं; साठीपर्यंत एकोणतीस होतील, अट तीसची. बेरीज पुन्हा केली. सत्तावीसच. पहिली सोळा वर्षं कोरी, आणि त्यांच्या जागी सोळा अर्ज, सुतळीने बांधलेले. मी ते उघडले. कारणाच्या रकान्यात त्याचं नववीतलं गोल अक्षर, दरवर्षी तेच दोन शब्द: बहीण शिकते. शेवटच्या अर्जात थोडं जास्त आहे: बहीण गणितात पहिली आली, पुढच्या वर्षीपासून वर्गणी कापावी.

आयत्या पिठावर रेघोट्या कुणी ओढल्या ते आता मला माहीत आहे. उद्या दहा वाजता हे सोळा अर्ज घेऊन मी मंत्र्यांच्या दारात बसणार आहे.