वरच्या उताराचे अकरा अर्ज

९ मार्च, रविवार दुपार

प्रिय काटकुळे,

वसतिगृहातलं नाव वापरते आहे. रागवायला पुढे कारणं भरपूर मिळतील, नावावर राग खर्च करू नकोस.

मी बरी आहे. गुडघे कुरकुर करतात, पण माझ्यापुढे त्यांचं फारसं चालत नाही. पुढच्या महिन्याअखेर निवृत्त होते आहे. कचेरीतली मंडळी निरोपाची तयारी करताहेत. खरं तर त्यांना सुटल्याचा आनंद झालाय आणि तो लपवणं जमत नाही. तुझे हात कसे आहेत? लाँड्रीतल्या सोड्याने कातडी फाटते म्हणतात. तेल लावत जा. आळस करू नकोस.

तुझा पत्ता तुझ्या धाकट्या भावाने दिला. हो, मी वर तुमच्या वस्तीवर गेले होते. खालच्या गावात आमच्या अनुदानातून झालेल्या पाइपलाइनची पाहणी होती, ती चारला संपली. गाडीवाल्याला थांब म्हटलं आणि चढ चढले.

अकरा घरांपैकी दोन उघडी होती. बांध ठिकठिकाणी ढासळलेत. तू मला खुरपं धरायला शिकवलंस त्या शेतात कमरेइतकं गवत आहे. भाऊ शेळीला पाला घालत होता. म्हणाला, "हेडबाई ना तुम्ही? ताई सांगायची, तुमच्या धाकाने वसतिगृहातले नळसुद्धा गळायचे थांबायचे." आणि हसला. मी तिथेच दगडावर बसले. पाणी दिलं त्याने, अर्धा पेला. ओढ्यावरून डोक्यावर आणलेलं.

आता मुद्द्यावर येते. इतका वेळ टाळणं माझ्या स्वभावाला शोभत नाही.

पिढ्यान् पिढ्या ज्यांना कालव्याचं पाणी, कर्ज, कचेरीतली खुर्ची यातलं काहीच मिळालं नाही, अशा शेतकऱ्यांसाठी ते अनुदान होतं. म्हणजे तुमच्यासाठीच. पंप आणि पाइप. अकराही घरांचे अर्ज तुझ्या अक्षरात आले. त्यात एक रकाना होता : ही जमीन सलग किती वर्षं कसता? पाच हवी होती. तू अकरा ठिकाणी लिहिलंस, "दोन".

कारण तुम्ही दर तीन वर्षांनी चिठ्ठ्या टाकून शेतं बदलता. वरचा कोरडा पट्टा कायम एकाच घराच्या वाट्याला नको, म्हणून. दुसऱ्या कुणी डोळे मिटून "वीस" लिहिलं असतं. तुला ते सुचलंही नसणार.

आणि मला हे ठाऊक नव्हतं असं समजू नकोस. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या सुट्टीत मडक्यातल्या चिठ्ठ्या मीच काढल्या होत्या, पाहुणीचा हात म्हणून. तुमच्या घराला कोरडा पट्टा आला तेव्हा तुझी आई म्हणाली, "पोरीचा हात कडक आहे हो!" किती हसलो होतो आपण.

नियमात सोय होती. अधिकाऱ्याने वहिवाट स्वतः पाहिली असेल तर तशी एक ओळ लिहायची, की अर्ज मंजूर. त्या वर्षी सात परक्या अर्जांवर मी ती ओळ लिहिली. तुमचा गठ्ठा उघडला तेव्हा शेजारचा कारकून म्हणाला, "बाई, ही तुमच्या मैत्रिणीची वस्ती ना? मग काय, झालंच काम!"

तेवढ्या एका वाक्यापायी मी अकराही अर्ज नामंजूर केले. मला कुणी पक्षपाती म्हणू नये म्हणून. दुसरं कारण दोन वर्षं शोधलं, सापडलं नाही.

तू विचारायला आलीस. मी तुला तासभर बाहेरच्या बाकावर बसवलं आणि मग म्हणाले, "आपला अर्ज नियमात बसत नाही." तू "बरं बाई," म्हणालीस आणि गेलीस. तू भांडली असतीस तर मी गठ्ठा पुन्हा उघडला असता, असं स्वतःला सांगत आले. तेही खोटंच असावं.

भावाला विचारलं, ताई माझ्याबद्दल काय म्हणते? तो मान वर न करता म्हणाला, "काही नाही. एकदाच म्हणाली, तिला सगळं ठाऊक होतं."

गेल्या महिन्यात अनुदानाच्या समितीला लेखी कळवलं की नकार चुकीचा होता आणि चूक माझी. परवा तीन ओळींचं उत्तर आलं. योजना बंद झाली आहे, निधी वाटून संपला आहे, आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. आभार!

त्यामुळे तुला द्यायला माझ्याकडे पाणी नाही. तू वर परत जा, असं म्हणायला तोंडही नाही. भाऊही यंदाचं पीक काढून उतरणार आहे.

पण मी निघताना त्याने एक सांगितलं. वस्ती सोडताना लोक तुला तोंडावर बोलले : कॉलेजात शिकलीस आणि एक अर्ज धड भरता आला नाही, तुझ्यामुळे आम्ही देशोधडीला लागलो. आणि तू ऐकून घेतलंस. माझं नाव सांगितलं नाहीस. का गं? कुणाला सांभाळत होतीस?

माझ्या कबुलीची सहीशिक्क्याची नक्कल सोबत ठेवली आहे. ज्यांचे ज्यांचे पत्ते तुझ्याकडे असतील त्यांना वाचून दाखव. माझं नाव गाळू नकोस. तुझं अक्षर, तुझी उत्तरं, सगळं बरोबर होतं.

तुझ्या माथी आलेला बोल जिचा आहे,
ती