बिनउशीची खुर्ची

३ नोव्हेंबर २०२५

सहा मीटर वीस!!! मी! आयुष्यात पाच ऐंशीच्या पुढे गोळा गेला नव्हता.

कारण एकच — उशी काढली. विद्यापीठाच्या लॅबने माझ्यासाठी नवीन सीट बनवलीय. गेल्या महिन्यात मला ओल्या प्लास्टरमध्ये बसवून बुडाचा साचा घेतलेला (लाज? ती केव्हाच सोडली), त्यावरून हे कडक कवच. बसून गोळा फेकणाऱ्यांचा अर्धा जोर म्हणे उशीतच जिरतो. असं मुकुल म्हणतो. हा मुकुल अपंगांच्या खेळावर पीएचडी करतोय. म्हणजे लिहितो तो, बसते मी! आकडा बघून त्याने मला मिठीच मारली, मग कानापर्यंत लाल झाला. येडा.

नंदा मॅडम, लॅबच्या प्रमुख, म्हणाल्या, "दक्षता, नॅशनलला जाणार तू." जाणारच. कोण अडवतं बघू.

९ नोव्हेंबर

कंबरेखाली मला काही कळत नाही. टेंभी नाक्याला हंडीच्या थरावरून पडले तेव्हापासून. खिळ्यावर बसवा, हसत बसेन. म्हणून आई रोज म्हावरं विकून आली की मला पालथं घालते आणि कातडी बघते — बसून बसून कुठे लाल झालंय का, कारण तिथेच पुढे जखम होते. लाल दिसलं की बसणं बंद. डाग जाईपर्यंत पडून राहायचं. घरातला नियमच आहे तो.

आज म्हटलं, "मी आरशात बघितलं गं, काही नाही." बघितलं नव्हतं. आई थकलेली, तिनेही ताणलं नाही.

१४ नोव्हेंबर

आज खरंच आरसा धरला. उजव्या बाजूला डाग आहे. बोटाने दाबला की पांढरा पडायला पाहिजे. नाही पडला, म्हणजे आतून बिघडायला लागलंय.

निवड चाचणी तेवीसला, डोंबिवलीत. आत्ता पडून राहिले तर संपलंच सगळं!

मुकुलला सांगितलं. चेहरा उतरला त्याचा. "मॅडमना सांगूया?"

"सांगितलंस तर परत तोंड दाखवू नकोस."

मग हळूच — "चाचणीपर्यंत सराव कमी करू." त्यालाही आकडे हवेतच ना. दोघं शहाणे!

१७ नोव्हेंबर

सराव कमी झालेला नाही.

२३ नोव्हेंबर

सहा बेचाळीस. निवड झाली! झाली! झाली!

आई धंदा सोडून डोंबिवलीला आलेली. साडी खोचून मैदानाच्या कडेला उभी आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, "दक्षू गो माजी!" मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि छानही वाटलं. मॅडम येणाऱ्या-जाणाऱ्याला सीट उलटी करून दाखवत होत्या. सीटचे फोटो जास्त, माझे कमी. चालेल.

घरी आल्यावर बघितलं तर पॅन्ट मागून ओली. घाम असेल म्हणून सोडून दिलं.

२६ नोव्हेंबर

कालपासून थंडी वाजतेय. पाय आपोआप उडतात, अंगात काही बिघडलं की उडतात तसे.

आई ओट्याशी बोंबील साफ करत होती. एकदम हात थांबला. "कसला वास येतो गो?"

"तुझ्या पाटीचा."

"म्हावऱ्याचा वास मला नको शिकवू."

हात न धुताच आली. मला पालथं घातलं. मी विचारत राहिले — आई, किती मोठं आहे? आई? ती रडत होती.

३० नोव्हेंबर, हॉस्पिटल

वरून छोटी, आत पार पोखरलेली. मूठ जाईल एवढी जखम. हाडापर्यंत गेलंय. ऑपरेशन करायचं आहे. डॉक्टर ओरडतील म्हणून तयारीत होते, तर ओरडलेच नाहीत. शांतपणे म्हणाले, "पुन्हा असं झालं, तर आयुष्यभर बसायचं विसरा." आयुष्यभर पालथी!

मुकुल आलेला, शहाळं घेऊन. आईने दारातच धरला. "कशावर बसवलंस रं माज्या पोरीला? तुज्या आयशीला बसवशील त्याच्यावर?" पोरगा शहाळं तिथेच ठेवून निघून गेला. मी उशीत तोंड खुपसून पडले होते.

१९ डिसेंबर

पालथी. लोकांना निदान छत तरी दिसतं. मला फरशी.

८ जानेवारी २०२६

मॅडमचा फोन. तब्येत कशी, जेवतेस ना, वगैरे. मग हळूच — कुठल्याशा परिषदेत सीटला बक्षीस मिळालं. "तुझा उल्लेख केला हं मी."

काय उल्लेख केला?

"खेळाडूने वैयक्तिक कारणामुळे माघार घेतली."

माझं वैयक्तिक कारण! फोन भिंतीवर मारणार होते, पण पालथं पडून नेम लागत नाही.

१५ फेब्रुवारी

आज नॅशनल. बघणार नव्हते, बघितलं. माझ्या गटात सोनं सहा शून्य पाचला गेलं. सहा शून्य पाच! डोळे मिटून टाकते मी सहा शून्य पाच. आईने डाळभात भरवायला घेतला तर ताट ढकललं. तिची काय चूक? राग येतो आणि कुठे ठेवायचा कळत नाही.

९ मार्च

जखम भरली. आज अर्धा तास बसले, जाडजूड उशीवर! खिडकीतून कोलशेतची खाडी दिसली. चिखल, ओहोटी, काही खास नाही. तरी बघतच राहिले.

आई एकवीरेला नवस बोललेली. नारळ फोडला, मला खोबरं दिलं. म्हणाली, "आता त्या लॅबचं नाव नाय काडायचं." माझा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. घेतली शपथ.

१२ मार्च

आई बाजारात गेली तसा मुकुलला फोन लावला. सीट आहे का अजून?

आधी तब्येतीचं विचारत बसला. मग म्हणाला, त्यावर आता कळव्याची एक मुलगी बसते, प्राप्ती. तिलाही कंबरेखाली काही कळत नाही. उशी अजूनही नाही.

मी विचारलं, "किती टाकते?"

"पाच नव्वद."

माझ्यापेक्षा कमी! इतकं बरं वाटलं मला. फोन ठेवला. उशीचं बोलायचं राहूनच गेलं.